भट्टीपेक्षा सरस नानखटाई

नानखटाई करायला काय अक्कल लागते, असं मी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षापर्यंत समजत होतो. आपल्याला ती येते, असंही समजत होतो. दोन्ही गैरसमज एकाच हिवाळ्यात गेले.

झाशीत थंडी पडली की घरोघरचे लोक मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन भट्टीवर जायचे. आमची भट्टी बडा बाजारच्या मागच्या गल्लीत. भट्टीवाला तुमच्याच सामानाची, तुमच्यासमोर नानखटाई करून द्यायचा. तुम्ही फक्त बसायचं. पण नुसतं बसायचं नाही, तर तुपावर नजर ठेवायची. भट्टीवाले तूप मारतात, तुमचं घरचं साजूक बाजूला सारून त्यात डालडा घालतात, अशी आमच्या सगळ्या मोहल्ल्याची पक्की श्रद्धा होती. कुणी कधी पकडलं नव्हतं, पण श्रद्धेला पुरावा कशाला लागतो?

आमच्या घरातून ही कामगिरी बाबांकडे असायची. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढच्या चाळीस डब्यांवर नजर ठेवलेला माणूस. तो एका तुपाच्या डब्याला काय भीक घालणार! भट्टीवाला वैतागून म्हणायचा, "काए गार्डसाब, हम का घी पी जैहैं?" बाबा नुसते हसायचे आणि स्टूल आणखी हातभर पुढे ओढायचे. पुढे बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि ती गादी मला मिळाली. मी बारा हिवाळे भट्टीवर बसलो. त्यामुळे भाजण्याच्या कामातला आपण जाणकार आहोत, असं मला वाटायला लागलं. चारचौघांत सांगायचोही, "आच जरा मंद पाहिजे." ऐकणारे मान डोलवायचे, कारण तेही माझ्यासारखेच स्टुलावर बसून शिकलेले.

तसं बढाई मारणं आमच्या रक्तातच आहे. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर झाशीजवळच्या गुरसरायला आले, हे खरं. त्यांच्या हातात तलवार होती की पळी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही तलवार सांगतो.

मी रेल्वे कॉलनीजवळच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. त्या काळात इथिओपियात हिंदुस्थानी मास्तरांची भरती चालू होती. मी अर्ज केला, निवड झाली, आणि अदिस अबाबाला निघायची वेळ आली. ते शहर डोंगरावर, आठ हजार फुटांच्या आसपास. बायको म्हणाली, "आधी तुम्ही जाऊन बूड टेकवा. मग आमचं बघू." तीही मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिची जागा नुकतीच कायम झाली होती. मार्चअखेर तिला शाळेत कळवायचं होतं, की पुढल्या वर्षी राहणार की सोडणार. शिवाय घरी बाबा. त्यांना गाडीचे चाळीस डबे सांभाळता येत, पण दूध उतू न घालवता तापवता येत नसे. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. तेव्हा बायको आणि चार वर्षांची पोरगी येणार की नाही, हे मार्चपर्यंत टांगलेलं राहिलं, आणि ते ठरणार होतं माझ्या पत्रांवर.

मला त्या दोघी हव्या होत्या. अगदी हव्याच होत्या. पण हे सरळ लिहिण्याइतका मी शहाणा असतो, तर ही गोष्ट झालीच नसती. मी असा हिशेब केला, की इथे सगळं कसं झकास आहे हे लिहिलं की बायको आपसूक येईल. हाल आहेत म्हटलं तर पोरीला घेऊन कोण येतं?

हाल तर पहिल्या दिवसापासून सुरू होते. मी तुरीची डाळ चढवली. तासभर उकळली, दोन तास उकळली, डाळीचा दाणा आपला जसाच्या तसा, वर येऊन माझ्याकडे बघतोय. मी तरातरा गुजराती वाण्याच्या दुकानात गेलो आणि त्याला नको नको ते बोललो. जुनी डाळ गळ्यात मारतोस, परदेशात आपल्या माणसाला लुबाडतोस, वगैरे. तो गरीब माणूस म्हणाला, "मास्तर, कुकर लाओ." मी म्हटलं, "कुकर कशाला? डाळ बदलून दे!" त्यानं निमूटपणे बदलून दिली. तीही शिजली नाही. भात वरून चिकट आणि आतून कच्चा. बटाटे तेवढे कसेबसे दाद देत.

पुढच्याच आठवड्यात मी वर्गात उत्कलनबिंदू शिकवत होतो. फळ्यावर शंभर अंश असं ठणकावून लिहिलं. एका मुलीनं चंचुपात्रातलं थर्मामीटर वाचून सांगितलं, पाणी उकळतंय आणि पारा ब्याण्णवच्या आसपास आहे. मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलंय. दुसरं आणलं. तेही बिघडलेलं निघालं. तिसरंही बिघडलेलं निघालं तेव्हा वर्ग हसायला लागला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, पण उकळूनही पुरेसं तापत नाही. हे मी झाशीत वर्षानुवर्षं शिकवलं होतं. परीक्षेत दरवर्षी प्रश्न काढला होता. आणि डाळीसाठी वाण्याचा उद्धार करून आलो होतो! दुसऱ्या दिवशी त्या दुकानावरून जायची मला लाज वाटली, म्हणून लांबच्या रस्त्यानं गेलो.

एक प्रेशर कुकर मागवला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण कुकर मागायचा म्हणजे डाळ शिजत नाही हे कबूल करायचं. मी पाव आणि केळी खात राहिलो. तिथली आंबट, जाळीदार, घोंगडीएवढी भाकरी बरी लागायची, तीही शेजारीण द्यायची तेव्हा. आणि दर आठवड्याला पत्र लिहायचो.

काय ती पत्रं! झाशीचं पंचांग मी मनात ठेवलं होतं. दिवाळीला लिहिलं, अनारसे हलके झाले, जाळी छान पडली. चंपाषष्ठीला लिहिलं, वांग्याचं भरीत केलं, इथली वांगी गोड. भोगीला लिहिलं, मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. संक्रांतीला तिळगूळ. यातला तिळगूळ मी खरंच केला होता, तीळ तिथे मुबलक. पण पाक मी घड्याळ लावून केला. त्या हवेत पाण्याची वाफ आधीच उडून गेली आणि साखर-तिळाची एक अखंड शिळा झाली, पातेल्यासकट. ते पातेलं मी परसात पुरलं. पत्रात लिहिलं, तिळगूळ खुसखुशीत झाला, शेजाऱ्यांनी मागून नेला.

आणि डिसेंबरात, झाशीत सगळे भट्टीवर जात असतील हे आठवलं, तेव्हा मी लिहिलं, "काल नानखटाई केली. खोटं सांगत नाही, भट्टीपेक्षा सरस झाली."

बायको ही पत्रं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचं उत्तर आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खाली बसलो.

"तुमचं तिथे छान चाललेलं बघून जिवाला स्वस्थता वाटली," तिनं लिहिलं होतं. "मला वाटायचं, तुमच्या खाण्यापिण्याचे हाल होत असतील, म्हणून नोकरी सोडावी लागली तरी यावं. पण तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगलं करताय. मग कायमची जागा सोडून, मामंजींना एकटं टाकून मी येण्यात काय अर्थ आहे? दोन वर्षं बघता बघता जातील. तुमच्या शाळेतले ते रसायनाचे मास्तर या महिन्यात रजेवर येताहेत ना? मामंजी म्हणतात, भट्टीपेक्षा सरस असेल तर त्यांच्याबरोबर नमुना पाठवा."

आता बोला! मी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, बायकोला घरी बसवलं होतं.

मास्तर दहा दिवसांनी निघणार होते. मुंबईला उतरून दिल्लीच्या गाडीनं जाणार, गाडी झाशीला थांबते, डबा खिडकीतून देता आला असता. म्हणजे नानखटाई आता खरंच करणं भाग होतं. मी बाह्या सरसावल्या. घरात एक लोखंडी चूल होती, तिच्या पोटात भाजायची पेटी. जळण निलगिरीच्या लाकडाचं, ते भडाभडा पेटतं आणि सगळ्या घराला सर्दीच्या औषधाचा वास येतो. बाजारातून लोणी आणून कढवलं. त्या लोण्यालाही स्वतःचा एक बाणेदार वास होता. मग परातीपुढे बसलो आणि भट्टीवाला कसं करायचा ते आठवायला डोळे मिटले.

डोळ्यांपुढे तुपाचा डबा आला.

दुसरं काही येईना. तो तूप आधी फेसायचा की साखर? मैदा किती, बेसन किती? सोडा घालायचा का, आणि चिमूटभर की चमचाभर? गोळा मळायचा की नुसता जुळवायचा? मला काहीएक ठाऊक नव्हतं. बारा हिवाळे मी त्या माणसापासून तीन हातांवर बसलो होतो आणि त्याच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी आपला डब्याकडे बघत बसलेला! डब्यात तूप किती खाली गेलं, हे मात्र मी आजही बोट ठेवून दाखवू शकतो.

पहिला घाणा पसरला. पंचवीस गोळे आत ठेवले होते, बाहेर एकच एक चादर आली. उंचावर सोडा जास्तच उसळतो, हे पदार्थविज्ञानाच्या मास्तराला पुन्हा एकदा नव्यानं कळलं. दुसऱ्या घाण्याला सोडा कमी केला, तर गोळे फुगले आणि पेटी उघडताच मधे खचले. तिसरा करपला. चौथ्याला मी चिडून मैदा वाढवला, सोडा जवळजवळ घातलाच नाही आणि आच इतकी मंद ठेवली, की भाजेपर्यंत दुपार टळली. त्या पन्नासएक नानखटाया दिसायला बऱ्या होत्या. गोल, वर वेलदोड्याचा दाणा. मी एक उचलून टेबलावर टाकली. टेबलाला खाच पडली, नानखटाईला नाही.

सामान संपलं होतं आणि दिवसही. शहरात इटालियन लोकांनी मागे ठेवलेली बिस्किटांची दुकानं होती. मी सरळ जाऊन पन्नासएक सुरेख, पिवळीधमक, तोंडात विरघळणारी बिस्किटं आणली, डब्यात भरली, वर फडकं बांधलं आणि मास्तरांच्या घरी नेऊन दिली. "स्वतः केली?" त्यांनी विचारलं. "हो, त्यात काय," मी म्हटलं. मला लाज कशी ती नव्हती.

परत येताना चढावर मी थांबलो. थांबलो तो विचार करायला नाही, दम लागला म्हणून. पण थांबल्यावर विचार आलाच. ही बिस्किटं खाऊन बाबा म्हणणार, वा, पोरानं नाव काढलं. बायको म्हणणार, खरंच की, यांना कुणाची गरज नाही. आणि शाळेत जाऊन कागदावर सही करणार. उरलेलं दीड वर्ष मी केळी खात त्या स्वयंपाकघरात बसणार, भट्टीपेक्षा सरस! पोरगी तोवर सहा वर्षांची होणार. मी निघताना ती माझ्या कोटाचं बटण धरून होती, ते सोडवायला दोघं लागले होते. मला एकदम रडूच आलं. भर रस्त्यात, पन्नास लोकांसमोर.

मी धावत घरी गेलो. आठ हजार फुटांवर धावणं म्हणजे काय, ते धावल्याशिवाय कळत नाही. चौथ्या घाण्याचे दगड पिशवीत भरले आणि तसाच धावत मास्तरांकडे. त्यांनी दार उघडलं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना, मी नुसता डब्याकडे बोट दाखवतोय आणि छाती बडवतोय. त्यांच्या बायकोला वाटलं, मला हृदयाचा झटका आला. तिनं मला पलंगावर आडवं केलं. आडव्या आडव्याच मी डबा उघडला, बिस्किटं त्यांच्या पोरांना वाटली आणि माझ्या नानखटाया आत भरल्या. त्या खडखड वाजत पडल्या. मास्तर रसायनाचे, त्यांनी एक हातात घेऊन वजन पाहिलं आणि हळूच परत डब्यात ठेवली. सभ्य माणूस. मी एक चिठ्ठी लिहून वर ठेवली: "पत्रांतलं सगळं खोटं होतं. हे खरं आहे. डाळसुद्धा शिजत नाही. मला तुमच्यावाचून इथे करमत नाही." शेवटचं वाक्य मी आधी खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

नंतरचा महिनाभर काही सुचत नव्हतं. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचो. खोटारडा म्हणून बायको कायमचीच रुसली तर? आणि बाबा? त्यांच्या मुलानं पाच महिने खोटा शेरा मारून गाडी सोडली होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. लहान होतं.

"डबा पोचला. मामंजी काठी टेकत स्वतः प्लॅटफॉर्मवर गेले होते, माझं ऐकलं नाही. घरी येऊन एक तोंडात घातली. मग बाहेर काढली, खिडकीशी उजेडात धरून पाहिली. मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, 'सूनबाई, तिकिटांचं बघ. पोरगा तिथे उपाशी आहे.' मी म्हटलं, आणि तुमचं? तर म्हणाले, 'स्टेशनवरची पुरी-भाजी तीस वर्षं पुरली, ती आता काय वाईट झाली?' मी आज शाळेत सांगून आले. परीक्षा संपल्या की निघतो. तुम्हाला काय बोलायचं ते मी तिथे येऊन बोलेन."

मला नाचावंसं वाटलं आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असंही वाटलं. बाबांच्या वाटणीची माणसं मी दगड पाठवून मिळवली होती.

एप्रिलअखेर त्या दोघी आल्या. पोरगी झोपेत, बायकोच्या एका हातात ती आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला नवाकोरा कुकर. घरात पाऊल टाकल्याबरोबर ती सरळ स्वयंपाकघरात गेली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "अनारशांना जाळी छान पडली, नाही का?" पुढचा पाऊणएक तास जे झालं ते मी लिहीत नाही. सगळं खरं होतं आणि मी मान खाली घालून ऐकलं.

मग डाळ चढली. बायकोनं ट्रंकेतून माझाच डबा काढला. आत भट्टीची नानखटाई. झाकण उघडताच घरभर आमच्या तुपाचा वास.

"ऐन गरमीत भट्टी? कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"मामंजी. टांग्यानं गेले. पाच तास बसले. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाले, बायकांना नुसतं बसता येत नाही, त्या मदत करायला लागतात."

मी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "आणि माझ्या? फेकल्या ना?"

बायको कुकरकडे बघत होती. "कुठल्या फेकू देतात! रोज सकाळी एक चहात टाकायचे. पेपर वाचून होईपर्यंत ती थोडी मऊ व्हायची. पोरीनं मागितली तर तिलाही दिली नाही. म्हणायचे, हे माझ्या पोराचं आहे. आम्ही निघालो त्या दिवशी दोन उरल्या होत्या. मी म्हटलं, टाकते आता, डबा घासायचाय. तर उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. म्हणाले, राहू दे, तुम्ही गेल्यावरचे दोन दिवस तरी जातील."

कुकरची शिट्टी झाली. डाळ अगदी लोण्यासारखी शिजली होती. मी ती जेवलो, पण चव सांगा म्हणाल तर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना पत्र लिहिलं, की दोघी सुखरूप पोचल्या, डाळ शिजली. सगळं खरं लिहायचं ठरवल्यावर पत्र तेवढंच झालं. "तुम्हीही इथे या," ही ओळ लिहायला मला आणखी आठवडा लागला, आणि ती टाकेपर्यंत त्यांचे ते दोन दिवस संपून गेले होते.